दृष्टीचा टप्पा आणि हवेचा अंमल

मांडव्याच्या पुळणीवर अगदी पाण्याच्या कडेला उभे राहून एखाद्या स्वच्छ दिवशी चांगल्या दुर्बिणीने मुंबईकडे पाहिले, तर गेटवे ऑफ इंडियाची कमान ओळखता येते. परंतु तिच्या समोरचा बंदराचा कठडा, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांना लागलेल्या लाँची यांचा मागमूसही लागत नाही, आणि मधल्या लाटांनीच हे सारे झाकले असावे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. लाटांचा त्यात वाटा असतो, पण तो थोडा. मांडव्यापासून गेटवेचे अंतर सुमारे १४ किलोमीटर आणि पाहणाऱ्याचा डोळा पाण्यापासून दोन मीटर उंच, एवढ्या बाबी धरून हिशेब मांडला, की पलीकडच्या किनाऱ्याचा पाण्यालगतचा सहा मीटरांहून थोडा अधिक भाग समुद्राच्या फुगवट्याआड गेलेला असतो, असे उत्तर येते. पृथ्वीचा गोलपणा आपण शाळेत पाठ करतो; येथे तो दुर्बिणीत दिसतो.

या हिशेबाचे सूत्र सोपे आहे. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ३.५७ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे किलोमीटरमध्ये क्षितिजाचे अंतर. दोन मीटर उंचीवरून ते जेमतेम पाच किलोमीटर भरते, आणि वर्गमूळ हे स्वभावतः कंजूष असल्यामुळे क्षितिज दुप्पट दूर सारावयाचे तर उंची चौपट करावी लागते. पाहणारा जसा उंचावर असू शकतो, तशी पाहावयाची वस्तूही उंच असू शकते, म्हणून दोघांची क्षितिजे काढून त्यांची बेरीज केली, की ती वस्तू जास्तीत जास्त किती दुरून दिसेल हे कळते. पृथ्वी गोल असूनही सपाट का भासते, याचे उत्तर भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच ‘गोलाध्याया’त देऊन ठेवले आहे: परिघाचा लहानसा अंश नेहमी सरळच वाटतो, आणि एवढ्या प्रचंड गोलावर मनुष्य अत्यंत क्षुद्र आहे.

या सूत्राची खरी कसोटी पाहावयाची तर अमेरिकेतील मिशिगन सरोवराकडे वळावे लागते, कारण समुद्रासारखे अफाट सपाट पाणी, एका तीरावर शिकागोसारखे गगनचुंबी इमारतींचे शहर आणि दुसऱ्या तीरावर वाळूच्या उंच टेकड्या, असा योग क्वचितच जुळून येतो. तेथील सर्वांत उंच इमारत, पूर्वीचा सिअर्स व आताचा विलिस टॉवर, १९७४ मध्ये पुरी झाली. तिचे छत जमिनीपासून ४४२ मीटर उंच असून पाव शतकभर जगातील सर्वोच्च इमारतीचा मान तिच्याकडे होता. तिचा सांगाडा ज्यांच्या बुद्धीतून उतरला, ते अभियंता फजलुर रहमान खान मूळचे ढाक्याचे. पूर्व तीरावरील स्टीव्हन्सव्हिल गावाजवळच्या किनाऱ्यापासून ही इमारत सुमारे ९० किलोमीटरांवर आहे, आणि तेथे पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तिकडचा साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीचा भाग क्षितिजाखाली असतो. म्हणजे गणिताने पाहता अख्खे शिकागो बुडालेले. तोच माणूस साठेक मीटर उंचीच्या टेकडीवर चढला, तर झाकलेला भाग तीनशे मीटरांच्या आसपास येतो आणि विलिस टॉवरचा वरचा हिस्सा पाण्यावर काड्यांसारखा उभा राहिलेला दिसतो.

परंतु किरण सरळ रेषेत जातो, हे आपण येथवर गृहीत धरले. वास्तविक हवा खाली दाट व वर विरळ असल्यामुळे लांबचा पल्ला गाठणारा किरण जमिनीच्या बाजूस किंचित वाकतो, आणि सामान्य परिस्थितीत हा वाक पृथ्वीच्या वक्रतेच्या सुमारे एक-सप्तमांश असतो. त्यामुळे क्षितिज थोडे लांबते, आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे साडेपाचशे मीटर पावणेपाचशेवर येतात; तरीही शिकागो दिसत नाहीच. वसंत ऋतूत मात्र निराळाच प्रकार घडतो. हिवाळ्यातून बाहेर पडलेले सरोवराचे पाणी अद्याप थंडगार असते, दक्षिणेकडून आलेली उबदार हवा त्यावर पसरते, आणि खालून वर जाताना हवा थंड होण्याऐवजी गरम होत जाते. अशा थरांत किरण बराच अधिक वाकतो; उंचीगणिक तापमानाची वाढ दर मीटरला सुमारे ०.११ अंश झाली, तर तो पृथ्वीच्या वक्रतेबरोबरच वळत जातो आणि क्षितिज हा शब्दच निरर्थक ठरतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये याच किनाऱ्यावरून घेतलेले शिकागोचे छायाचित्र जगभर गाजले, ते या ऊर्ध्व मृगजळाचे होते. वाळवंटातले मृगजळ आकाश खाली आणते. हे मृगजळ बुडालेले शहर वर काढते. पृथ्वी सपाट असल्याचा पुरावा म्हणून हे छायाचित्र नाचवणारे लोक आहेत. पृथ्वी सपाट असती, तर ते शहर प्रत्येक स्वच्छ दिवशी पायथ्यापासून शेंड्यापर्यंत दिसले असते आणि त्या छायाचित्राची बातमीच झाली नसती, एवढे सांगून त्यांची रजा घेणे बरे.

आता आपल्या मुलखात यावे. माथेरानच्या पश्चिमेकडील टोकांवरून मुंबई दिसते, असे सारी प्रवासवर्णने सांगतात, पण कधी दिसते हे सहसा सांगत नाहीत. आठशे मीटरांच्या आसपासच्या या डोंगरावरून क्षितिज सुमारे शंभर किलोमीटरांवर पडते आणि दक्षिण मुंबई तर अवघी पंचेचाळीस किलोमीटरांवर. म्हणजे वक्रतेची येथे काही हरकत नाही. असे असूनही वर्षातील कित्येक दिवस त्या बाजूस करड्या धुरकटपणाखेरीज काहीच दिसत नाही. येथे अंमल चालतो तो हवेचा.

दूरची वस्तू दिसेनाशी होते, ती तिच्याकडून येणारा प्रकाश संपतो म्हणून, असे आपल्याला वाटते. पण दिवसाढवळ्या कारण वेगळेच असते. वस्तू आणि डोळा यांच्यामधल्या हवेतील प्रत्येक कण सूर्यप्रकाश विखुरतो, त्यातला काही आपल्या डोळ्यांत शिरतो, आणि अंतर वाढेल तसतसा हा उसना उजेड मलमलीच्या पडद्यासारखा वस्तूवर चढत जाऊन अखेर ती मागच्या आकाशाइतकीच उजळ होते. दोहोंमधला फरक दोन टक्क्यांवर आला, की ती डोळ्यांपुरती नाहीशी झाली, असे धरून जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोशमीडर याने दृश्यतेचे गणित मांडले ते १९२४ मध्ये. गेटवेचे उद्घाटन झाले तेही त्याच वर्षी. या गणिताप्रमाणे, हवेत धूर, धूळ, बाष्पकण काहीही नसून केवळ वायूंचे रेणू असते, तरी समुद्रसपाटीवर आपली दृष्टी तीनशे किलोमीटरांच्या आसपास थांबली असती. मुंबईची हवा या मर्यादेच्या जवळपासही नाही. वाहनांचा व कारखान्यांचा धूर तर आहेच, परंतु समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कणही आहेत, आणि हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली, की ते पाणी शोषून फुगतात व कित्येक पट अधिक प्रकाश विखुरू लागतात. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असल्याने हे सारे खालीच कोंडून राहते. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीने धूर थांबला, तेव्हा जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची हिमशिखरे दिसू लागली. डोंगर जागचा हलला नव्हता.

रात्री हा पडदा गळून पडतो, कारण तो विणणारा सूर्यच नसतो, आणि दिवसा न दिसलेल्या मुंबईचे दिवे माथेरानवरून लुकलुकताना दिसतात. खलाशांना ही दोन खाती फार पूर्वीपासून ठाऊक आहेत: दीपगृहाचा एक टप्पा त्याच्या उंचीवरून, म्हणजे पृथ्वीच्या वक्रतेवरून ठरतो, आणि दुसरा त्याच्या ज्योतीच्या तेजावरून व हवेच्या निर्मळपणावरून, दोहोंतला जो आखूड, तोच खरा.

भारताच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचे अंमलदार या बाबतीत मोठे अनुभवी होते. दूरच्या डोंगरावरील निशाण दिसल्यावाचून त्यांचे काम पुढे सरकत नसे, आणि उन्हाळ्याच्या धुळीत ते दिसत नसे. म्हणून कर्नल लॅम्टन व त्याचा मदतनीस एव्हरेस्ट यांनी ऐन पावसाळ्यात, सरींनी हवा धुऊन निघाल्यावर, जंगलांतून मोजणी चालविली, आणि त्याची किंमत हिवतापाच्या रूपाने मोजली. एव्हरेस्टने पुढे रात्रीच्या दिव्यांवर भर दिला. लॅम्टन मात्र मोजणीच्या वाटेवरच, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला.

त्यांचा हा धडा माथेरानला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण मुंबईची हवा धुऊन निघते तेव्हा खुद्द माथेरान ढगात असते, आणि नेरळहून वर येणारी गाडीही पावसाळ्यात बंद असते. तेव्हा मुंबई पाहण्यासाठी सप्टेंबरअखेरची, दुपारी सर पडून संध्याकाळी उघडीप झालेली वेळ गाठावी. सूर्यास्तानंतर लगेच मधल्या हवेवरचा उजेड ओसरतो, पण पश्चिमेचे आकाश अद्याप उजळ असते, आणि इमारतींच्या काळ्या आकृती दिवसभरात सर्वांत रेखीव दिसतात. हा अवधी फार तर अर्ध्या तासाचा असतो, म्हणून टोकावर आधीच जाऊन बसलेले बरे.