गव्हाला रात्रीचं पाणी

दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा भुसावळच्या रेल्वे यार्डात रात्रपाळी करणाऱ्याला आपण शिफ्टचा कामगार म्हणतो. यावल-रावेरात, शिरपूर-साक्रीत रात्री दोन वाजता गव्हाला पाणी भरणारा शेतकरी मात्र या हिशेबात धरलाच जात नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाइट फिडरच्या वेळापत्रकाप्रमाणे कधी दिवसा येते, कधी रात्री. ही सरळसरळ फिरती पाळीच आहे. शरीरासाठी ती कारखान्यातल्या पाळीहून अवघड आहे, असं मला वाटतं.

कारण उजेड. मेंदूच्या तळाशी सुमारे 20 हजार पेशींचा पुंजका दिवसाची लय सांभाळतो आणि डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून रोज आपली वेळ दुरुस्त करतो. लख्ख उजेडाच्या कंट्रोल रूममध्ये ही वेळ थोडी तरी सरकते. शेतात हातातल्या बॅटरीपलीकडे उजेड नाही, त्यामुळे शरीर आपलं दिवसाचंच वेळापत्रक चालवत राहतं. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली येतं आणि सावधपणाही. नेमकं त्याच वेळी चिखलात उभं राहून वाफा फोडायचा, ओल्या हातांनी स्टार्टरपाशी जायचं, सापावर नजर ठेवायची! सकाळी घरी येऊन पडावं, तर जागं ठेवणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढलेलं, अंग तापू लागलेलं. झोप लागते, पण टिकत नाही.

‘सवय होते हो’ असं सगळेच म्हणतात. नॅथॅनियल क्लाइटमन या शास्त्रज्ञाने 1938 मध्ये हेच तपासलं. अमेरिकेतल्या मॅमथ केव्ह या गुहेत तो आणि त्याचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन 32 दिवस राहिले. सूर्य नाही, थंडी कायमची, आणि दिवस मुद्दाम 28 तासांचा. तरुण रिचर्डसनच्या शरीराचं तापमान त्या नव्या दिवसाशी जुळलं. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमनचं मात्र जिद्दीने 24 तासांनाच धरून राहिलं. दोनच माणसांवरचा प्रयोग, पण मला तो फार आवडतो: शास्त्रज्ञाने स्वतःचं शरीरच पणाला लावलं, आणि त्या शरीराने त्याचं ऐकलं नाही.

रात्रपाळीने कर्करोग होतो, अशा मथळ्यांनी घाबरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला ‘संभाव्य’ कारणांच्या गटात ठेवलं. माणसांमधला पुरावा अजून मर्यादित आहे. पेंगलेल्या माणसाच्या हातून होणारा अपघात मात्र आजच्या रात्रीचा धोका आहे.

मग रात्री शेतात जायचंच कशाला? लाइट आली की ऑटो स्विच मोटार चालू करतो. ठिबकच्या केळीला तेवढं पुरतं, पण गव्हाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला माणूसच लागतो. म्हणून शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे मी वीजबचतीपेक्षा आरोग्याची योजना म्हणून पाहतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, उन्हाची खानदेशाला ददात नाही. दिवसाची लाइट प्रत्येक फिडरवर पोचेपर्यंत रात्रीच्या पाण्याला जाणाऱ्याने संध्याकाळी लवकर जेवून दीड-दोन तास झोप काढावी, आणि शिवारात एकट्याने जाऊ नये.