पत्र्यावरचा डाग येतो कुठून?

जीआय पत्र्यावर बोटाला टोचणारी पुळी लागली किंवा काळा ठिपका दिसला, की पहिला आळ येतो जस्ताच्या पॉटवर. बऱ्याचदा तो अन्यायच असतो, कारण डाग दिसतो एकीकडे आणि पडलेला असतो दुसरीकडे.

कोल्ड रोल्ड कॉइल उलगडते, अल्कलीत धुतली जाते आणि नायट्रोजन-हायड्रोजन भरलेल्या भट्टीतून तापून निघते. तिथून हवा न लागू देता, स्नाउट नावाच्या बंद वाटेने ती 460 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या पातळ जस्तात उतरते. सिंक रोलला वळसा घालून ती वर येते, तेव्हा एअर नाइफचा झोत जादा जस्त खाली सारतो. वाशिंद, तारापूर किंवा कळमेश्वर, कुठल्याही लाइनवर क्रम साधारण हाच.

डाग सापडला की आधी त्याची मांडणी बघावी. ठरावीक अंतराने तोच डाग परत येत असेल, तर कुठला तरी रोल खराब आहे. दोन डागांमधलं अंतर मोजून त्याला 3.14 ने भागलं की रोलचा व्यास मिळतो. अंतर 1885 मिलिमीटर भरलं तर 600 मिलिमीटर व्यासाचा रोल शोधायचा. लांबीभर एकसलग रेघ असेल तर एअर नाइफच्या फटीत जस्ताचा शिंतोडा अडकलाय का ते बघावं. तिथे झोत कमी पडतो आणि तेवढ्या पट्टीत थर जाड बसतो. डाग कसेही विखुरलेले असतील तेव्हा मात्र काम अवघड होतं.

विखुरलेल्या पुळ्यांमागे बहुतेक वेळा ड्रॉस असतो. पॉटमध्ये जस्तासोबत 0.2 टक्क्याच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम ठेवतात. त्यामुळे पोलादावर लोखंड-अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आधी बसतो आणि जस्त-लोखंडाचा ठिसूळ मिश्रधातू वाढत नाही. पण पत्र्यातलं थोडं लोखंड जस्तात विरघळतच राहतं. 460 अंशांना जस्तात लोखंड मावतं फार थोडं, आणि तापमान उतरलं की त्याहून कमी. गार इनगॉट एकदम आत सोडला, की त्याच्या भोवतीचं जस्त निवतं, मावेनासं झालेलं लोखंड अ‍ॅल्युमिनियमला धरून कण बनून बाहेर पडतं आणि ते कण पत्र्याला चिकटतात. हा ड्रॉस जस्तापेक्षा हलका असल्यामुळे वर तरंगतो आणि काढता येतो. पण काढत बसण्यापेक्षा तो कमी तयार होऊ देणं केव्हाही चांगलं. इनगॉट हळूहळू उतरवावा आणि पॉटचं तापमान हलू देऊ नये. पत्राही पॉटच्या तापमानाच्या जवळपासच आत यावा. फार गरम आला तर लोखंड जास्त विरघळतं.

जस्त न धरलेला उघडा ठिपका दिसला, तर पॉट सोडून मागे जावं. धुण्यात रोलिंगचं तेल किंवा लोखंडाची बारीक भुकटी राहिली असेल, नाहीतर भट्टीत ओल शिरून पृष्ठभागावर ऑक्साइड धरलं असेल. सिलिकॉन-मँगनीज जास्त असलेल्या जास्त ताकदीच्या पोलादात हा त्रास अधिक, कारण लोखंडाला न गंजवणाऱ्या वातावरणातही हे दोन घटक ऑक्सिजन पकडतात.

स्नाउटचं गणित तर फारच नाजूक. आतल्या जस्ताची वाफ वर जाते, गार भिंतींवर थिजते आणि तिची भुकटी पत्र्यावर पडते. उपाय म्हणून तिथे किंचित दमट नायट्रोजन सोडतात. जस्तावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि वाफ दबते. दमटपणा जास्त झाला, की तीच साय पत्र्याबरोबर ओढली जाऊन नवा डाग पाडते. म्हणून इथे ड्यू पॉइंटच्या मीटरवर सतत नजर हवी.

इतकं सांभाळून निघालेला माल पावसाळ्यात गोदामात बिघडू शकतो. कॉइलच्या वेटोळ्यांत पाणी शिरलं आणि हवा खेळली नाही, तर पांढरा गंज धरतो. पॅसिव्हेशनचा थर आणि तेल त्याला काही काळ रोखतात. गार कॉइल दमट हवेत उघडली तरी तिच्यावर दव धरतं, तेव्हा आधी तिला गोदामाच्या तापमानाला येऊ द्यावं. भिजलेली कॉइल मात्र लगेच उलगडून सुकवावी. गुंडाळलेली ठेवली तर आतलं पाणी जात नाही.