सेकंदाला नऊ फेरे

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या 660 मेगावॉटच्या एका संचाची ताकद शेतकऱ्याच्या भाषेत सांगायची तर सुमारे 8 लाख 85 हजार अश्वशक्ती. 45 अश्वशक्तीचे जवळजवळ 20 हजार ट्रॅक्टर एकाच वेळी पूर्ण जोरात चालवले, तर तेवढा जोर होतो. असे तीन संच तिथे आहेत. त्यांच्या टर्बाइनचा दांडा मिनिटाला 3000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 50.

एवढ्या प्रचंड वेगाच्या त्या दांड्याला चुकूनही कुणाचा हात लागत नाही, कारण तो पोलादी आवरणात बंद असतो. दुरुस्ती करायची तर आधी लेखी परवाना, मग यंत्र बंद, मग कुलूप. 1948च्या कारखाना कायद्याच्या 21व्या कलमाने फिरत्या भागांना आडोसा सक्तीचा केला. 22व्या कलमाने तर चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याच्या अंगावर घट्ट कपडे असावेत, इथपर्यंत विचार केला.

आता केंद्राच्या भिंतीबाहेर, कामठी तालुक्यातल्या एखाद्या सोयाबीनच्या वावरात या. गंजीशेजारी थ्रेशर, म्हणजे मळणीयंत्र लावलंय आणि ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या यंत्राला देणाऱ्या दांड्यावर, ते चालतंय. पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, सेकंदाला नऊ. टर्बाइनच्या मानाने हे काहीच नाही, म्हणून माणूस त्याला भीत नाही. दांड्यावरचं प्लास्टिकचं झाकण कधीतरी फुटलेलं असतं, ते पुन्हा बसवलेलं नसतं. अन् त्याच दांड्यावरून पाय टाकून माणसं इकडची तिकडे जातात.

या नऊ फेऱ्यांचा हिशेब करून पाहा. पीटीओचा दांडा 35 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे त्याचा घेर 11 सेंटिमीटर. नुसता दांडाच सेकंदाला एक मीटर कापड गुंडाळतो. दांड्याच्या टोकाचा सांधा, ज्याला मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात, तो 10 सेंटिमीटर व्यासाचा धरला तर सेकंदाला 2.8 मीटर. गळ्यातल्या दुपट्ट्याचं लोंबतं टोक हातभर, फार तर 60 सेंटिमीटर. ते संपायला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. धोका दिसला, मेंदूला कळला आणि हात हलला, यातच माणसाचा पाऊण सेकंद जातो. म्हणजे ‘अरे’ म्हणायच्या आत गळा दांड्याशी पोचलेला असतो. ट्रॅक्टरवर बसलेल्याने तत्काळ क्लच दाबला तरी उशीर झालेला असतो.

आणि जोर किती? 40 अश्वशक्ती पीटीओपर्यंत पोचत असेल, तर त्या सांध्याच्या कडेला एक टनाहून जास्त ओढ असते. चार धट्टीकट्टी माणसं पलीकडून ओढायला लागली तरी इंजिन बंद पडणार नाही. म्हणून ‘आपण सावध राहू’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. सावधपणाला लागणारा वेळच यंत्र देत नाही.

थ्रेशरच्या पोटातल्या ड्रमची कड याहून वेगवान. 60 सेंटिमीटरचा ड्रम मिनिटाला 500 फेऱ्यांनी फिरला, तर त्याचे दात ताशी 56 किलोमीटर वेगाने जातात. वीतभर अंतर तोडायला त्यांना सेकंदाचा सत्तरावा भाग लागतो. भारतीय मानक 9020 म्हणतं, की पीक आत सारायची पन्हाळ किमान 90 सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ड्रमकडचा 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. या आकड्यांमागे साधं माप आहे. माणसाचा हात खांद्यापासून बोटापर्यंत 70-75 सेंटिमीटर. पन्हाळ पुरेशी लांब असेल, तर हात ड्रमपर्यंत पोचूच शकत नाही. कुणी ती पन्हाळ कापून आखूड केली, तर त्याने यंत्रातला सगळ्यात मोलाचा भाग काढून टाकला.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. हरितक्रांतीनंतर उत्तर भारतात थ्रेशरांनी इतके हात नेले, की संसदेला 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा करावा लागला. त्यात मळणीयंत्राचं नाव थेट घेतलेलं आहे आणि मजुराच्या भरपाईचीही गोष्ट आहे. चाळीसहून जास्त वर्षं उलटून गेली. वावरात किती जणांना हा कायदा ठाऊक आहे?

धोका थ्रेशरपुरताच नाही, ट्रॅक्टरचा स्वतःचाही आहे. देशात वर्षाला नऊ लाखांहून जास्त ट्रॅक्टर विकले जातात, म्हणजे दर 35 सेकंदांच्या आत एक. ट्रॅक्टर मागे उलटायला लागला, तर पाऊण सेकंदानंतर तो सावरता येत नाही, आणि वजन असतं दोन टन. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली. तिथे तेव्हा लाख ट्रॅक्टरमागे वर्षाला 17 माणसं उलटून मरत होती. 1990पर्यंत हा आकडा 0.3वर आला. माणसं तीच होती, बदलली ती ट्रॅक्टरवरची पोलादी चौकट.

आपल्याकडे अपघातानंतरची सोय आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख, एक हात गेला तर एक लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी. थ्रेशरच्या तोंडाशी उभा असतो तो बहुधा मजूर, आणि त्याच्या नावावर सातबारा नसतो. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. सरकारने ती दुरुस्त केलीच पाहिजे.

नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला लाखो माणसं येतात. त्याच दिवसांत सोयाबीनची मळणी चालू असते, पावसाच्या धास्तीने रात्री उशिरापर्यंत. दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालण्याआधी इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून मागे जा. पीटीओवरचं झाकण जागेवर आहे का, पन्हाळ टेपने मोजून 90 सेंटिमीटर भरते का, ते बघा. नसेल तर मळणी एक दिवस थांबवा. आणि मशीनजवळ येणाऱ्या प्रत्येकाला, बाईला पदर खोचायला आणि गड्याला दुपट्टा काढून ठेवायला, तुम्ही स्वतः सांगा.