गाडीत पाणी येतं कुठून? सनरूफच्या नळ्या आणि कारणाचा शोध



आजचा विषय वाचून काही जण बुचकळ्यात पडले असतील. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस जुन्या गाडीच्या सनरूफवर काय बोलणार? पण समोर दिसणाऱ्या कार्यावरून न दिसणाऱ्या कारणापर्यंत कसं पोचायचं, हा प्रश्न आपल्या नैयायिकांनी शतकानुशतकं घोळवला. पावसाळ्यात गाडीत पायाशी साचलेलं पाणी हे त्याच प्रश्नाचं रोजच्या व्यवहारातलं उदाहरण आहे. शिवाय यात पैसा आहे आणि सुरक्षितताही आहे. कारण चुकीचं धरलं की लोक काच बदलतात, रबर बदलतात, आणि पुढच्या सरीला पाणी परत तिथंच येतं.

पहिल्यांदा एक समज दूर करू. आपल्याला वाटतं, सनरूफची काच आणि तिच्याभोवतीचं रबर मिळून पाणी बाहेर ठेवतात. तसं नाही. रबर बरंचसं पाणी अडवतं, पण सगळं अडवावं अशी त्याच्याकडून अपेक्षाच नसते. थोडं पाणी आत येणार, हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. म्हणून काचेखाली चारही बाजूंनी एक पन्हळ असतं. कौलारू घराचं पन्हळ आठवा. ते पाऊस थांबवत नाही, पागोळ्यांचं पाणी गोळा करून बाजूला नेतं. इथंही तसंच. बहुतेक गाड्यांत या पन्हळाच्या चार कोपऱ्यांना चार भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला एक बारीक नळी जोडलेली असते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेशेजारच्या खांबांमधून, म्हणजे मेकॅनिक ज्याला ए-पिलर म्हणतात त्यातून, खाली उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या वरच्या पोकळीत बाहेर पडतात. मागच्या दोन मागल्या खांबांतून उतरून चाकामागे किंवा बंपरच्या आत मोकळ्या होतात.

आता थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. काच अर्धा चौरस मीटर धरा आणि तासाला ५० मिलिमीटरचा जोरदार पाऊस धरा. काचेवर तासाला २५ लिटर पाणी पडलं. त्यातलं समजा फक्त शेकडा ५ पन्हळात उतरलं, तरी ते सव्वा लिटर झालं. रात्रभर आठ तास असाच पाऊस राहिला, तर दहा लिटर! एक बादली. नळ्या मोकळ्या असतील तर ही बादली रस्त्यावर जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तुंबल्या असतील तर ती गाडीत रिकामी होते.

नळ्या तुंबतात कशानं? धूळ, परागकण, झिजलेल्या रबराचा चुरा, आणि पानं. मोठी पानं फारशी त्रास देत नाहीत, ती वरच अडकतात. त्रास देतात ती गुलमोहराची, शिरीषाची, पर्जन्यवृक्षाची बारीक पानं. आणि गुलमोहर पाकळ्या गाळतो तो नेमका पावसाच्या तोंडावर. हे सगळं भिजून चिखल होतो आणि तो नळीच्या खालच्या टोकाशी बसतो. तिथं पुष्कळ गाड्यांत रबराची चपटी चोच असते. पाणी बाहेर जावं, पण धूळ आणि किडे आत येऊ नयेत, अशी ती योजना. जुन्या गाडीत हीच चोच कडक होऊन मिटते.

आता नैयायिकांकडे येऊ. न्यायसूत्रांत कार्यावरून कारण ओळखण्याच्या अनुमानाला ‘शेषवत्’ म्हटलं आहे. वात्स्यायनानं भाष्यात उदाहरण दिलं ते नदीचं: नदी भरून वेगानं वाहताना दिसली की वरच्या बाजूला पाऊस झाला, असं आपण ओळखतो. पण गंमत पुढे आहे. दुसऱ्या अध्यायात आक्षेप घेणारा विचारतो, प्रवाह अडवला तरीही नदी फुगते की! मग तुमचं अनुमान कसं टिकणार? त्यावर उत्तर असं, की नुसतं पाणी वाढणं ही खूणच नव्हे. पाण्याचा वेग, फेस, वाहत येणारी पानं, फळं, लाकडं, या सगळ्यांसकट वाढलेलं पाणी ही पावसाची खूण. ढोबळ चिन्हावरून काढलेलं अनुमान चुकतं, तो दोष अनुमानाचा नाही, अपुऱ्या निरीक्षणाचा आहे.

आपल्या गाडीत नेमका हा आक्षेपकाचा पूर आहे, अडवल्यामुळे आलेला. पण ‘गाडी ओली आहे’ एवढ्यावर ते ठरत नाही. खुणा बारकाईनं पाहाव्या लागतात.

पाऊस नसताना, एसी चालवल्यावर, डाव्या पायाशी स्वच्छ पाणी आलं, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचं असेल, तर ते इंजिनाचं कूलंट आहे, हीटरमधून गळतंय. फक्त दाराच्या उंबऱ्याशी ओल असेल, तर दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा सुटला असेल. समोरच्या काचेखाली वायपरपाशी पानांचा खच असेल, तर तिथलं पन्हळ तुंबलं असण्याची शक्यता आहे. आणि छताच्या अस्तरावर खांबाजवळ पिवळट डाग, आतल्या दिव्यातून थेंब, ब्रेक दाबल्यावर किंवा वळण घेताना अंगावर अचानक पाणी, या खुणा सनरूफच्या. गाडी उतारावर कशी उभी होती तेही पाहा. तोंड खाली असेल तर पुढच्या नळ्यांवर भार येतो, वर असेल तर मागच्या.

अंदाज बांधला की पडताळा. इथं अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही हवेत: कारण असताना कार्य होतं, कारण नसताना होत नाही. सनरूफ उघडा, पुढच्या एका कोपऱ्यातल्या भोकात अर्धा पेला पाणी हळू ओता आणि गाडीखाली पाहा. काही सेकंदांत त्या बाजूला धार लागली, तर ती नळी निर्दोष. पाणी वरच साचून राहिलं, तर नळी तुंबली आहे. पाणी वरून गेलं पण खाली आलंच नाही, तर थांबा, आणखी ओतू नका. नळी मध्येच सुटली आहे आणि पाणी अस्तरामागे जातंय. संशय इतर ठिकाणांचा असेल तर बागेची नळी घेऊन खालून वर या: आधी उंबरा, मग दार, मग समोरची काच, शेवटी छप्पर. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही.

आता साफसफाई. पन्हळ ओल्या फडक्यानं आणि जुन्या टूथब्रशनं पुसून घ्या, नाहीतर तीच घाण नळीत ढकलाल. मग गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घ्या, तिचं टोक मेणबत्तीवर धरून गोल करा आणि हळूहळू, फिरवत आत सरकवा. लोखंडी तार नको. जुनी नळी कडक झालेली असते, तारेनं भोक पडतं. खालची चोच बोटांनी दाबून चिखल काढा. मागची भोकं पुष्कळदा वरून हाताला लागत नाहीत, ती खालूनच साफ करावी लागतात. शेवटी पुन्हा अर्धा पेला पाणी.

गॅरेजमध्ये सर्रास होणाऱ्या दोन गोष्टी टाळा. एक म्हणजे टायरवाल्याकडची हवा जोरात मारणं. त्या दाबानं नळी आतल्या आत जोडावरून निसटते, आणि मग सगळं अस्तर उतरवावं लागतं. ओलं ओढणारा व्हॅक्यूम असेल तर तो खालच्या टोकाला लावून घाण ओढून काढणं जास्त बरं. दुसरी म्हणजे काचेच्या कडेला सिलिकॉन भरणं. म्हणजे पन्हळ तुंबलं म्हणून कौलांना डांबर फासायचं! सनरूफ उघडेनासं होतं, सिलिकॉन उन्हानं सुटतं, पाणी पुन्हा आत येतं, आणि तुंबलेली नळी तशीच राहते.

सुरक्षिततेची गोष्ट मुद्दाम सांगतो. कार्पेटखाली जाड फोम असतो. वरून कोरडं वाटलं तरी तो आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. बुरशी येते, पत्रा गंजतो, आणि तिथूनच विजेच्या तारा जातात. १९९६ नंतरच्या पिढीच्या फोक्सवागन पसाटमध्ये तर दारं-खिडक्या सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबाच चालकाच्या पायाखाली कार्पेटमध्ये होता. तो भिजला की खिडक्या आपोआप चालू लागायच्या. सीटखालचे पिवळे जोड एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. सीट काढायची असेल तर आधी बॅटरी सोडवा, काही मिनिटं थांबा, मगच त्यांना हात लावा. शंका असेल तर हे काम जाणकाराला द्या. ए-पिलरच्या आवरणावर एअरबॅगची खूण असेल, तर तेही स्वतः उचकटू नका. कार्पेट उचलून खाली ठोकळे ठेवा, पंखा लावा, फोम दाबल्यावर हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत वाळवा.

एवढं झालं की वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर, पेलाभर पाणी ओतून पाहणं पुरतं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मी सनरूफ कधी उघडतच नाही. मग हे सगळं करायला हवं का?

उत्तर : जास्तच हवं. न उघडणाऱ्याला पन्हळात काय साचलंय ते कधी दिसतच नाही. पाऊस मात्र बंद काचेच्या कडेनंही आत उतरतोच.

प्रश्न : जुनी गाडी घेताना हे कसं ओळखायचं? विकणारा तर सांगणार नाही.

उत्तर : मॅट उचला, कार्पेट तळव्यानं जोरात दाबा, हात हुंगा. सीटच्या पट्ट्यांखालच्या बोल्टांवर गंज आहे का पाहा. अस्तराचे कोपरे बघा. उग्र सुगंधाची बाटली लावली असेल तर आणखी बारकाईनं बघा. मग सनरूफ उघडून विकणाऱ्यासमोरच पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत थोडं थोडं पाणी ओता. त्यानं नको म्हटलं, तर ती खूणही मोजायची. (हशा)