अंतराळनौकेचा कप्तान

खडवलीस भातसेच्या काठी राहणाऱ्यांनी अंतराळनौकांच्या कप्तानांची चर्चा करावी, हे कोणास विनोदाचे वाटेल. पण हीच भातसा पुढे उल्हासेच्या ओघात मिळून कल्याणच्या खाडीकडे जाते, आणि १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवछत्रपतींनी जहाजे बांधविण्यास आरंभ केला तो याच खाडीवर. तेव्हा नौका आणि तिचा अधिपती हा विषय आपणांस परका नाही.

अमेरिकेत १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. तिचा कप्तान कर्क धाडसी. अनोळखी ग्रहावर उतरावयाचे तर आपणच पुढे, असा त्याचा बाणा. तरीही तर्कनिष्ठ स्पॉक आणि कळवळ्याचा डॉक्टर मॅकॉय यांचा वाद ऐकल्याशिवाय तो सहसा निर्णय करीत नाही. १९८७ च्या मालिकेतील पिकार्ड निराळ्या प्रकृतीचा. तो सर्वांस बसवून मते विचारतो आणि ग्रहावर बहुधा दुय्यम अधिकारी रायकर यास धाडतो. कर्क आम्हांला अधिक आवडतो. पण मुलाला नोकरीस ठेवावयाचे झाल्यास आम्ही पिकार्डचे जहाज पाहू.

खरी कसोटी लागते ती १९९५ च्या ‘व्हॉयेजर’मधील कॅथरिन जेनवे हिची. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकली गेल्यावर परतीचे साधन ती स्वतःच नष्ट करते. कारण ते दांडग्यांच्या हाती पडते तर एका दुर्बळ जमातीचा घात होता. नौकेवरील सुमारे दीडशे माणसांच्या वाट्यास त्यामुळे पंचाहत्तर वर्षांचा प्रवास आला. आम्हां सर्वांचे हिने का ठरवावे, असे एका बंडखोर स्त्रीने विचारले, तेव्हा कप्तान तीच आहे, हे उत्तर दिले बंडखोरांचाच नायक चाकोटे याने. ज्याला शोधून पकडावयास ती निघाली होती, त्यालाच जेनवेने पुढे आपला दुय्यम नेमले. हा गुण आम्हांला कर्काच्या धाडसाहून मोठा वाटतो.

आपल्याकडे बाळाजी विश्वनाथांनी हेच केले. ताराबाईंच्या पक्षाच्या कान्होजी आंग्र्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैद केले होते. त्यांच्या जागी आलेल्या बाळाजींनी १७१३-१४ च्या सुमारास लढाईऐवजी बोलणे लावले, कान्होजींस शाहूंच्या बाजूस आणले आणि सरखेलपद त्यांच्याकडेच ठेवले.

पुढे १७५६ साली बाळाजींचे नातू नानासाहेब यांनी तुळाजी आंग्र्यांवर इंग्रजांसह चाल केली, आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. जेनवेही चाकोटेचा विरोध डावलून बोर्ग या वैऱ्यांशी तह करते. परंतु तो तिसऱ्या शत्रूविरुद्ध, आपल्याच माणसांविरुद्ध नव्हे.