सोफियाचे वर्ष कुठे गेले?

(लेखमाला – वर्ग सातासमुद्रापलीकडचा : भाग ५)

१९५८ साली सोफिया कोराडी ही कायद्याची इटालियन विद्यार्थिनी न्यूयॉर्कहून रोमला परतली. फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ती कोलंबिया विद्यापीठात गेली होती आणि तौलनिक कायद्यातली पदव्युत्तर पदवी मिळवून आली होती. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात तिची मूळ पदवी पूर्ण व्हायची होती. कोलंबियात जे शिकले ते या पदवीत धरा, एवढेच तिचे मागणे होते. विद्यापीठाने ते फेटाळले, तेही चारचौघांत तिचा पाणउतारा करून. ज्या विषयांची परीक्षा ती जगातल्या एका नामांकित विद्यापीठात उत्तीर्ण झाली होती, ते रोमच्या दप्तरी शिकलेच नव्हते असे ठरले.

मागच्या भागात आपण अर्ज, व्हिसा आणि राहण्याची सोय पाहिली. त्या धावपळीत सगळ्यांत मागे पडणारा प्रश्न आज घेऊ, कारण माझ्या मते विद्यार्थी-देवाणघेवाणीचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. तिकडे शिकलेले इकडे धरणार का?

सोफियाने तो प्रश्न सोडला नाही. पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेची सल्लागार झाल्यावर १९६९पासून तिने निवेदनामागून निवेदने लिहिली, मंत्र्यांना आणि कुलगुरूंना गाठले. १९७६मध्ये युरोपीय समुदायाने विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमांना पाठबळ द्यायला सुरुवात केली. जून १९८७मध्ये ‘इरास्मस’ ही योजना मंजूर झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून दुसऱ्या देशात शिकायला गेले. आज ही संख्या लाखांच्या घरात आहे आणि इटलीत सोफियाला ‘मम्मा इरास्मस’ म्हणतात. एका कारकुनी नकारातून एवढे मोठे काम उभे राहिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

योजनेचा आर्थिक पाया साधा आहे. विद्यार्थी फी भरतो ती आपल्याच विद्यापीठात. यजमान विद्यापीठ शिकवणीची फी घेत नाही, कारण त्याचेही विद्यार्थी इकडे येणार असतात. अवघड आहे ती अभ्यासाची अदलाबदल. वैद्यकाचा, स्थापत्याचा किंवा इतिहासाचा अभ्यास दर देशात वेगळ्या क्रमाने, वेगळ्या पुस्तकांतून चालतो. मग बरोबरी मोजायची कशाने?

युरोपने १९८९पासून एक माप वापरून पाहायला सुरुवात केली आणि पुढे ते रूढ झाले. शिक्षक किती तास बोलला हे न मोजता विद्यार्थ्याने किती तास अभ्यास केला, हे मोजायचे. तासिका, प्रयोगशाळा, वाचन, निबंध, परीक्षेची तयारी हे सगळे त्यात आले. एका वर्षाचा पूर्णवेळ अभ्यास म्हणजे ६० श्रेयांक आणि एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम. या एका निर्णयाने खूप गुंता सुटला, कारण अभ्यासाचा भार मोजायला दोन्हीकडे एकच एकक मिळाले.

दुसरा तोडगा कागदाचा. निघण्यापूर्वीच विद्यार्थी, त्याचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असे तिघे एका करारावर सही करतात. त्याला ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. तिकडे कोणते विषय घेणार आणि परतल्यावर ते इथल्या पदवीत कुठे बसणार, हे त्यात लिहिलेले असते. परतल्यावर नव्याने विनवण्या करायची वेळ येऊ नये, हाच त्याचा हेतू. सोफियाच्या हातात असा कागद नव्हता.

गुणांचे मात्र अजूनही त्रांगडे होते. फ्रान्समध्ये गुण २०पैकी असतात. १० मिळाले की उत्तीर्ण आणि १४ म्हणजे चांगलीच कामगिरी. इटलीत ३०पैकी १८ला उत्तीर्ण. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४पर्यंत उत्तीर्ण, म्हणजे मोजणीच उलटी. आता २०पैकी १४ची सरळ टक्केवारी काढली तर ७० येते आणि वर्गातला हुशार मुलगा गुणपत्रिकेवर मध्यम दिसू लागतो. म्हणून टक्केवारी न काढता त्या अभ्यासक्रमात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणता गुण मिळाला, याचा तक्ता विद्यापीठांनी द्यावा आणि तक्त्याशी तक्ता ताडून पाहावा, अशी युरोपीय शिफारस आहे. असा तक्ता मागून घेणे हा विद्यार्थ्याचा हक्कच समजावा.

आता आपल्याकडे पाहू. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची बँक सुरू झाली आणि २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला १,२०० तासांचा अभ्यास म्हणजे ४० श्रेयांक असे माप दिले. एका श्रेयांकामागे ३० तास; म्हणजे एककाचा विचार युरोपसारखाच. पण वर्षाचा हिशेब ४० आणि ६० असा वेगळा असल्यामुळे तिकडच्या सत्राचे ३० श्रेयांक इकडे साधारण २० धरणे रास्त ठरते. अडचण येते ती जुन्या सवयीमुळे. आपल्या महाविद्यालयांत थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासिका, असेच वर्षानुवर्षे मोजत आले आहेत. समजा, तिकडच्या ६ श्रेयांकांच्या विषयाला ३० तासिका आहेत आणि बाकी सगळे वाचन आणि लेखन आहे. वर्षाच्या अभ्यासातला त्याचा वाटा धरला तर त्याचे इथे ४ श्रेयांक होतात. फक्त तासिका मोजल्या तर २. मग उरलेले भरून काढायला जास्तीचा पेपर द्या, असे सांगितले जाते. मुलाने ग्रंथालयात घालवलेल्या संध्याकाळी हिशेबातून गळून जातात.

त्याहून मोठे नुकसान ‘हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही’ या उत्तराने होते. आपल्याकडे नसलेला विषय शिकावा, यासाठीच तर मुले एवढ्या लांब जातात. पुण्याच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने बोलोन्यात जाऊन मध्ययुगीन रोमन कायदा शिकला आणि इथे त्या नावाचा पेपर नाही म्हणून तो बाद ठरला, तर तिने जायचेच कशाला? नावाशी नाव जुळवू नये. पातळी आणि कष्ट जुळवावेत. नव्या अभ्यासक्रमात ओपन इलेक्टिव्हची जागा आहेच. प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी ती अशा विषयांसाठी मोकळ्या मनाने वापरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विद्यार्थ्यांनी काय करावे? तिकीट काढण्याआधी विभागप्रमुख आणि परीक्षा विभाग या दोघांचीही लेखी संमती घ्यावी. एकाची तोंडी हमी पुरत नाही. प्रत्येक विषयाचा सविस्तर आराखडा, अभ्यासाच्या तासांसह, आपल्याजवळ ठेवावा. तिकडे पोहोचल्यावर वेळापत्रक जुळत नाही म्हणून विषय बदलावा लागणे नेहमीचेच आहे; तेव्हा करारातला बदलही त्याच आठवड्यात कळवून नवी सही मिळवावी. परतण्यापूर्वी अधिकृत गुणपत्रक कधी आणि कुणाला पाठवले जाणार, हे विचारून घ्यावे. तिकडचे निकाल आपल्या पुढच्या सत्राच्या प्रवेशानंतर लागले तर एटीकेटीची नोंद उगाचच डोक्यावर बसू शकते. म्हणून तात्पुरत्या प्रवेशाचा अर्ज आधीच देऊन ठेवावा.

पुढच्या भागात : शिष्यवृत्तीत काय भागते, आणि कोणता खर्च घरूनच करावा लागतो.