पोटातले यंत्र, ट्रंकेतला कागद

१९७९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकॉनच्या एका कड्याला परवानगी दिली. ॲरिझोनातल्या डॉ. जाँ-पिएर अँजेलचिक यांनी ते तयार केले होते. आत सिलिकॉनचे जेल, एक बाजू उघडी आणि बांधायला फीत. अन्ननलिका जठराला मिळते तिथे हे कडे गुंडाळून फितीची गाठ मारली की घशाशी येणारे आंबट खालीच राहील, अशी कल्पना. शस्त्रक्रिया सोपी, वेळ थोडा. हजारो रुग्णांच्या पोटात ही कडी बसली आणि मग तक्रारी येऊ लागल्या. कुणाचा घास अडे. कुणाचे कडे जागा सोडून छातीत नाही तर ओटीपोटात सरके. कुणाच्या बाबतीत ते भिंत झिजवून थेट जठरात उतरे. पुन्हा पोट उघडून कडे काढून घ्यावे लागलेल्या रुग्णांनी कंपनीवर दावे लावले आणि अँजेलचिकचे कडे मागे पडले.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल पडला की जठरातले आम्ल वर येते. पथ्य, गोळ्या आणि झोपताना उशाकडची बाजू उंच करणे यावर बहुतेकांचे भागते. न भागलेल्यांसाठी आपल्याकडे दुर्बिणीतून फंडोप्लिकेशन करतात. त्यात जठराचाच वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालतात.

कड्यानंतरही हा शोध थांबला नाही. २००३ मध्ये ‘एंटेरिक्स’ आले. अन्ननलिकेच्या स्नायूत एक द्रव टोचायचा आणि तो तिथे रबरासारखा घट्ट व्हायचा. सुई नलिकेच्या भिंतीपलीकडे गेल्याने गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आल्या आणि २००५ मध्ये बोस्टन सायंटिफिकने ते परत घेतले. २०१२ मध्ये ‘लिंक्स’ला परवानगी मिळाली. टायटॅनियमच्या आवरणातले चुंबकी मणी तारेने जोडलेले असतात. घास आला की मणी दूर होतात, गेला की एकमेकांना चिकटतात. कल्पना फार देखणी आहे आणि अनेकांना तिचा उपयोगही झाला. पण २०१८ च्या मे महिन्यात काही लॉटमधले मणी तारेवरून सुटू शकतात असे आढळले आणि ते लॉट परत मागवले गेले. आपला मणी त्या लॉटमधला आहे का, हे रुग्णाला अंगावरून कळणार नव्हते. ते कळणार होते फक्त शस्त्रक्रियेच्या कागदावर चिकटवलेल्या लॉट नंबरवरून. अशा यंत्रांवरच्या भरपाईच्या दाव्यांत पोटातल्या यंत्राइतकेच ते चिटोरे महत्त्वाचे असते.

अमेरिकेत अशा रुग्णांच्या वाटेत आणखी एक भिंत आहे. २००८ च्या ‘रीगल विरुद्ध मेडट्रॉनिक’ निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, कडक पूर्वपरवानगीतून गेलेल्या उपकरणाच्या उत्पादकावर राज्याच्या कायद्याखाली नुकसानभरपाईचा दावा सहसा चालणार नाही. लिंक्स त्याच वाटेने बाजारात आले. उत्पादकाने केंद्राचेच निकष मोडले, एवढे दाखवता आले तर फट उघडते. म्हणूनच परत मागवलेल्या लॉटचा नंबर तिथल्या वकिलांना मोलाचा वाटतो.

महाराष्ट्राने अशा लढ्याचा अनुभव घेतला तो खुब्याच्या सांध्यावरून, आणि ही हकिगत सविस्तर सांगण्यासारखी आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा सांधा. घासताना त्यातले कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात आणि आजूबाजूच्या मांसात उतरे. ऑस्ट्रेलियात तो २००९ च्या अखेरीस विक्रीतून काढला गेला आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये जगभरातून परत मागवला गेला. तोवर जगात सुमारे ९३,००० रुग्णांना तो बसला होता, तर भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महेश झगडे आयुक्त असताना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या कंपनीवर मुंबईत माहीम पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल केला. एका राज्याच्या खात्याने एवढ्या मोठ्या कंपनीला पोलिस ठाण्याची पायरी दाखवली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती आणि तिचे श्रेय त्या खात्याला द्यायलाच हवे. दिल्ली मात्र सावकाश हलली. आयात परवाना २०१२ मध्ये रद्द झाला, सावधगिरीची सूचना २०१३ च्या अखेरीस निघाली आणि डॉ. अरुण अगरवाल यांची समिती नेमायला २०१७ उजाडले. दरम्यान २०१३ मध्येच अमेरिकेतल्या सुमारे आठ हजार रुग्णांशी कंपनीने अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली होती.

समितीने किमान २० लाख रुपये भरपाई सुचवली. नंतर दुसऱ्या समितीने वय आणि अपंगत्व यांवर सूत्र बसवले, त्यातून ३० लाख ते १ कोटी २३ लाख अशी रक्कम निघाली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये, पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या ६७ पडताळलेल्या रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याचे ठरले. ४,७०० शस्त्रक्रिया आणि ६७ रुग्ण. मधले कुठे गेले? सुमारे ३,६०० रुग्णांचा मागच लागला नाही. कुणाचा पत्ता बदललेला, कुणाची फाईल सापडत नव्हती. आपल्या खुब्यात कुठल्या कंपनीचा सांधा आहे हे ठाऊक नसलेला रुग्ण वर्तमानपत्रातली बातमी वाचूनही स्वस्थच बसणार. संतापच यावा अशी ही गोष्ट आहे, कारण या माणसांचे दुखणे खरे होते.

वैद्यकीय भरपाईच्या भारतीय कायद्यातला एक फार जुना आणि अजूनही उद्धृत होणारा खटला याच मराठी मुलखातला, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’. १९५३ च्या मे महिन्यात गुहागरजवळ पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचे मांडीचे हाड मोडले. टॅक्सीने अकरा तासांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणले. तिथे भूल न देता, माणसांकडून पाय ओढून हाड बसवले गेले. त्याच रात्री मुलगा गेला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. काय झाले आणि काय व्हायला हवे होते, हे त्यांना वैद्यकाच्या भाषेत मांडता आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये तीन हजार रुपयांची भरपाई कायम झाली. रुग्णाला स्वीकारावे की नाही, कुठला उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्या निकालाने रुजवले. डॉक्टर नसलेल्या बापाला हा पंधरा वर्षांचा रस्ता चालता आला असता का, हा प्रश्न निकाल वाचताना सुटत नाही.

सामान्य रुग्णाच्या घरी हे कागद कसे टिकतात, हे पाहायला सातारा-सांगलीकडे येऊ. विल्यम वानलेस या कॅनेडियन मिशनरी डॉक्टरने १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, त्यांचे नाव वानलेसवाडीने अजून जपले आहे. पुढे १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, कराडला कृष्णा रुग्णालय वाढले. जत, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडच्या अथणीपासून माणसे मिरजेला उपचारासाठी येतात आणि माण-खटावची कराडला. एक्स-रे, रिपोर्ट, बिले असे सारे एका पिशवीत काखेला असते. गावी गेल्यावर ती पिशवी ट्रंकेत जाते, पावसाळ्यात ओल धरते, घर बदलताना हरवते. कृष्णेच्या काठी २०१९ च्या महापुरात तर घरेच्या घरे पाण्याखाली गेली.

रुग्णालयाच्या कपाटावर भरवसा ठेवावा, तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरला दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे ठेवायच्या असतात. रुग्णाने मागितल्या तर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात, हा नियमही त्यातच आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. यंत्र पोटात किंवा सांध्यात दहा-पंधरा वर्षे राहते, त्याचा दोष सातव्या-आठव्या वर्षी उघडा पडू शकतो, तोवर कपाट रिकामे. यंत्राच्या खोक्यात कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असलेली स्टिकरे असतात. त्यांतले एक केसपेपरवर चिकटवतात. दुसरे डिस्चार्ज कार्डावर मागून घेणे हा रुग्णाचा हक्कच मानायला हवा. शेतकरी सातबारा जपतो तसे ते जपावे. शस्त्रक्रियेचा वृत्तांत, संमतीपत्र आणि यंत्राचे बिल वेगळे मागावे. सारे पॅकेजमध्ये आहे म्हणून यंत्राचे वेगळे बिल न देण्याची पद्धत दाव्याच्या वेळी रुग्णाच्या मुळावर येते.

दावा लावायचा कुठे? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालात पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तूच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आले. उत्पादनातला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या मापांपासून ढळणे, दिलेली हमी न पाळणे आणि पुरेशी सूचना न देणे, यांतले एक जरी सिद्ध झाले तरी उत्पादक अडकतो. त्याच कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा परदेशात, फलटणचा रुग्ण साताऱ्याच्या आणि तासगावचा सांगलीच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाच्या कक्षेत बसते. मुदत दोन वर्षांची, आणि उशिराचे सबळ कारण दिले तर ती माफ होऊ शकते. जिल्हा आयोगाच्या निकालावर अपील पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे.

या कायद्याच्या ८७ व्या कलमात मात्र कंपन्यांसाठी एक दार आहे. वस्तू तज्ज्ञाच्याच देखरेखीखाली वापरायची असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला योग्य रीतीने सूचना दिल्या असतील, तर रुग्णाला सावध केले नाही म्हणून कंपनीला जबाबदार धरता येत नाही. पोटात बसवायचे प्रत्येक यंत्र नेमके याच वर्गात मोडते. म्हणजे यंत्रासोबत आलेले बारीक अक्षरांचे पत्रक सर्जनच्या हाती पोहोचले, तर सूचनेचा मुद्दा बराचसा सर्जनकडे वळतो आणि संमतीपत्रात त्या धोक्यांपैकी काय लिहिले होते हे तपासले जाते. सही करण्याआधी त्या पत्रकाची झेरॉक्स मागणाऱ्या रुग्णाकडे डॉक्टरांनी संशयाने पाहू नये, आणि रुग्णानेही ती मागायला संकोचू नये.